मदत हवी आहे: उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थांनी जाब कोणाला द्यायचा?

नमस्कार,

सरकारी पैशावर चालणाऱ्या या संस्था मंत्र्यांपासून किती स्वतंत्र असाव्यात, यावर अभ्यासगटासाठी टिपण लिहिते आहे. एका जागी अडले आहे.

हस्तक्षेपाची उदाहरणं मिळाली. अमेरिकेत १९९४मध्ये एका सरकारी संस्थेने कंबरदुखीवर सूचना काढल्या. शस्त्रक्रियेची गरज फार थोड्यांना असते, असा त्यांचा रोख होता. मणक्याचे काही शल्यविशारद खवळले, संसदेत त्यांना पाठीराखे मिळाले, संस्थेच्या निधीला कात्री लागली आणि तिने मार्गदर्शक सूचना काढणंच थांबवलं. जून २०२५मध्ये तिथल्या आरोग्यमंत्र्यांनी लसीकरण सल्लागार समितीचे सगळे १७ सदस्य एकदम काढले. हे मला भयंकर वाटतं.

पण त्याच महिन्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटलं, की प्रतिबंधक तपासण्यांच्या शिफारशी करणाऱ्या गटाचे सदस्य मंत्री हवे तेव्हा काढू शकतात. या शिफारशी विमा कंपन्यांवर बंधनकारक असतात, तेव्हा त्या करणाऱ्यांवर लोकांना उत्तरदायी असं कुणीतरी हवंच. हा मुद्दा मला झटकून टाकता येत नाही.

कोणते उपचार सरकारी आरोग्यसेवेत द्यावेत हे पुरावे आणि खर्च पाहून सांगणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेचं उदाहरण वेगळं आहे. अल्झायमरच्या औषधाच्या खटल्यात २००८मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं, की औषधाच्या खर्चाच्या मानाने फायदा किती याचं गणित ज्या संगणकीय मॉडेलवर केलं ते औषध कंपनीला पूर्ण चालवून तपासता आलं पाहिजे. म्हणजे निर्णय कसा घेतला याचा जाब न्यायालयात देता येतो, त्यासाठी मंत्री मध्ये लागत नाही. पुढे 'नाइस'ने नाकारलेल्या कर्करोगाच्या औषधांसाठी इंग्लंडच्या सरकारने २०११मध्ये वेगळा निधी काढला. धोरण म्हणून तो योग्य होता का, यावर वाद आहे. तरी माझ्या मते रीत बरी: पैसे द्यायचा निर्णय सरकारने स्वतःच्या नावावर उघडपणे घेतला, पुराव्याचा निष्कर्ष बदलून घेतला नाही.

आता नेमकी अडचण. सदस्यांना काढायचा अधिकार मंत्र्यांकडे नको, हे मला पटलंय. मग हितसंबंध लपवणाऱ्या किंवा नवे पुरावे वाचायलाच तयार नसलेल्या सदस्याला काढायचं कुणी? समितीनेच काढायचं म्हटलं तर आपापसात सांभाळून घेतलं जाणार.

कारण लेखी जाहीर केल्याशिवाय सदस्य काढता येत नाही, असा नियम कुठल्या देशात प्रत्यक्ष चालतो का? आणि निधी एका वर्षाच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहू नये म्हणून कुणी काय केलंय? कायद्याची किंवा आरोग्य प्रशासनाची माहिती असणाऱ्यांनी कृपया लिहा. माझी मांडणी चुकत असेल तर तेही सांगा.