म्युच्युअल डिव्होर्सला दोघांचा एकच वकील चालतो का?

आम्ही दोन वर्षं वेगळे राहतोय, भांडण असं काही नाही आता, पण नवरा म्हणतो माझाच वकील दोघांचं बघेल, डबल फी कशाला. माझे दागिने अजून सासूच्या लॉकरमध्ये आहेत. आणि अर्ज टाकल्यावर सहा महिने थांबावंच लागतं का? पुण्यात केस टाकायचीय.

रिप्लाय १: चालतं, बरेच जण तसंच करतात, पण ताई दागिने तिकडे असताना त्याच्या वकिलावर सगळं सोडू नका. कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी सही करायच्या लेखी अटी) "सर्व हिशेब मिटला" अशी एक ओळ हमखास टाकतात, त्यावर सही झाली की बसा बोंबलत. पाटल्या, मंगळसूत्र, वजनासकट लिहून घ्या आणि ताब्यात कधी देणार तेही.

रिप्लाय २: सहा महिन्यांचं, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कोर्ट ती अट माफ करू शकतं, तुमची दोन वर्षं झालीत तर अर्ज टाका, पण पोटगी, मुलांचा ताबा सगळं आधी मिटलेलं लागतं

रिप्लाय ३: फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो.

प्रश्नकर्ती: हे माहीतच नव्हतं! सोमवारी जाते.