चर्चा: गावाकडच्या आरोग्याचा लेख पाठवताना आधी स्कोप बघायचा की इम्पॅक्ट फॅक्टर?

कंपूकर:
ग्वाल्हेर-चंबळ भागातल्या आरोग्यावर कोणी लेख लिहायला घेतला की पहिला प्रश्न ठरलेला: "इम्पॅक्ट फॅक्टर किती?" माझं म्हणणं, आधी जर्नलचा स्कोप, म्हणजे ते कोणत्या विषयांवरचे लेख घेतं, ते वाचा. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना त्या वर्षी इतर लेखांत सरासरी किती उल्लेख मिळाले, तो आकडा. ग्रामीण आरोग्याच्या जर्नलला तो मुळात न्याय देत नाही. समजा 2023 आणि 2024 मध्ये जर्नलने 120 लेख छापले आणि 2025 मध्ये त्यांना 180 उल्लेख मिळाले, तर 2025 चा फॅक्टर 1.5. म्हणजे तुमचा लेख वाचून दुसऱ्याने अभ्यास करायचा, लिहायचा, छापून आणायचा, सगळं दोन-तीन वर्षांत. सहरिया आदिवासींच्या वस्त्यांतल्या क्षयरोगाचं सर्वेक्षण असं होत नसतं. एथिक्सची मंजुरी, पावसाळ्यात तुटणारे रस्ते, घनमाध्यमावर जंतू वाढवून बघायच्या एकेका कल्चरला आठ-आठ आठवडे. त्यावरचं पुढचं काम चौथ्या-पाचव्या वर्षी येतं आणि तोवर मोजणी संपलेली असते. बीएमओ (ब्लॉकचे वैद्यकीय अधिकारी), सीएचओ (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी), जिल्हा क्षयरोग अधिकारी हे खरे वाचक. ते लेख वापरतात, संदर्भसूचीत टाकत नाहीत.

थाटीपूर-सांख्यिकी:
अहो कंपूकर, दोन वर्षं अपुरी वाटतात तर साइटस्कोर हा स्कोपस या लेखसूचीचा आकडा बघा. तिथे चार वर्षांचे लेख आणि त्याच चार वर्षांतले उल्लेख धरतात. विषयाविषयांत उल्लेखांची सवय वेगळी असते, म्हणून तो फरक जमेला धरणारा स्निप हा आकडा आहे. जर्नल सायटेशन इंडिकेटर या तशाच आकड्यात तर 1.0 म्हणजे त्या विषयाची जागतिक सरासरी. मोजपट्टी गैरसोयीची निघाली म्हणून मोजायचंच नाही, ही पळवाट झाली. आकडा काढून टाकलात तर निवड कशावर होणार? ओळखीपाळखीवर आणि फी कुठे कमी लागते त्यावर.

लष्करचा वाचक:
पण ही सगळी सरासरीच ना? अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए या स्फटिकशास्त्राच्या जर्नलचा फॅक्टर 2009 मध्ये एकदम 2 वरून 49.9 वर गेला. कारण 2008 चा एकच लेख, शेलेक्स या सॉफ्टवेअरवरचा. बाकीच्या लेखकांनी त्या वर्षी काय दिवे लावले, ते त्या आकड्यातून कळत नाही. वर्षाला 40-50 लेख छापणाऱ्या ग्रामीण जर्नलमध्ये तर एखादा गाजलेला आढावा-लेख आला की आकडा फुगतो, दोन वर्षांनी पुन्हा जागेवर. शिवाय फॅक्टर काढताना अंशात संपादकीय आणि पत्रांचेही उल्लेख धरतात, छेदात मात्र फक्त शोधलेख आणि आढावा-लेख.

मुरार-पीएसएम:
बढतीचं काय, ते कोणी बोलत नाही. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) 2022 च्या शिक्षक पात्रता नियमांत इम्पॅक्ट फॅक्टरची अट नव्हती. अट होती इंडेक्सिंगची, म्हणजे जर्नल ठरावीक लेखसूचीत असण्याची: मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, डीओएजे वगैरे. तरी स्टाफरूममध्ये फॅक्टरचाच जप.

आणि फसगत होते ती इंडेक्सिंगमध्येच. "पबमेडमध्ये दिसतं" म्हणजे मेडलाइनमध्ये आहे असं नाही. पबमेड हे शोधायचं मोठं संकेतस्थळ, मेडलाइन ही त्यातली निवडक जर्नलांची सूची. एखाद्या जर्नलचे चार-दोन लेख अनुदानाच्या अटीमुळे पबमेड सेंट्रलमध्ये ठेवलेले असतात, तेवढ्यानेही नाव दिसतं. एनएलएम (मेडलाइन चालवणारं अमेरिकेचं वैद्यकीय ग्रंथालय) कॅटलॉगमध्ये जर्नल उघडा, सध्या मेडलाइनसाठी इंडेक्स होतं का ती ओळ वाचा. स्कोपसच्या स्रोत-यादीत नाव नको, आयएसएसएन (जर्नलचा आठ अंकी क्रमांक) टाका. कव्हरेजची वर्षं 2021 ला थांबली असतील तर जर्नल काढून टाकलेलं आहे, मुखपृष्ठावर लोगो असला तरी. खऱ्या जर्नलच्या नावाने उघडलेल्या नकली साइट्स आयएसएसएनही खऱ्याचाच छापतात, तेव्हा प्रकाशकाचं नाव आणि साइटचा पत्ताही ताडून बघा. साइटवर नावात "ग्लोबल" असलेला तीन-चार दशांशांचा फॅक्टर दिसला तर तिथूनच परत फिरा.

थाटीपूर-सांख्यिकी:
पटलं. पण स्कोपचा एवढा आग्रह का? गडचिरोलीचा घरोघरच्या नवजात-सेवेचा अभ्यास: 39 गावांत सेवा, 47 गावं तुलनेला, तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्के कमी. 1999 मध्ये तो लॅन्सेटमध्ये आला आणि 2011 मध्ये आशांमार्फत तीच पद्धत देशभर गेली. ग्रामीण नावाच्या जर्नलमध्ये आला असता तर एवढी दखल घेतली असती का कोणी?

कंपूकर:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत! तिथे प्रश्न जगाला लागू होता, तुलनेची गावं होती, गावातले सगळे जन्म-मृत्यू मोजलेले, म्हणजे प्रमाण काढायला छेद हातात होता. लॅन्सेटच्या स्कोपमध्ये अगदी चपखल. आपल्याकडून जातं ते काय? मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीतले 200 रुग्ण, त्यातले निम्मे खेड्यातले, आणि शीर्षकात "ग्रामीण लोकसंख्येतील प्रमाण". संपादक असा लेख रिव्ह्यूला पाठवतच नाही, आणि बरोबरच करतो. ओपीडीत कोण पोचतं हे बसभाड्यावर आणि रेफरलवर ठरतं. त्यातून गावातलं प्रमाण निघत नाही.

स्कोपमध्ये बसायचं तर "ग्रामीण" म्हणजे काय ते पद्धतीच्या भागात सांगा. नगरपालिका वगैरे नसलेली वस्ती जनगणनेत शहर ठरायला किमान 5000 वस्ती, 75 टक्के पुरुष मुख्य कामगार शेतीबाहेर आणि दर चौरस किमीला 400 जण, तिन्ही हवेत. परदेशी रिव्ह्यूअरला हे ठाऊक नसतं. तालुका, पीएचसीपासूनचं (प्राथमिक आरोग्य केंद्रापासूनचं) अंतर, सपाट भागातलं 30,000 चं की आदिवासी भागातलं 20,000 चं पीएचसी, हेही लिहा. नमुना-संख्येत मोठी चूक होते: 50 टक्के प्रमाण, 5 टक्के त्रुटी म्हणून 384 धरतात आणि गावं क्लस्टरने निवडतात. एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात, त्यासाठीचा गुणक, डिझाइन इफेक्ट, 2 धरला तर 768 लागतात.

मुरार-पीएसएम:
स्ट्रोबची, म्हणजे निरीक्षणात्मक अभ्यासात काय-काय लिहायचं त्याची, 22 कलमांची यादीही पान-क्रमांकासह जोडा. ती नसली म्हणून लेख परत येतो, कधी दोन दिवसांत.

थाटीपूर-सांख्यिकी:
पद्धतीबद्दल वाद नाही. तरी मी म्हणेन, आधी वरच्या जर्नलला पाठवा, नाकारलं तर एकेक पायरी खाली या. नुकसान काय?

लष्करचा वाचक:
वेळेचं! नाकारायलाही कुठे आठवडा, कुठे चार महिने. तीन पायऱ्या उतरेपर्यंत हिवतापाच्या एका हंगामाची आकडेवारी शिळी होते. आणि वरच्या ओपन अ‍ॅक्सेस (वाचकाला फुकट, पैसे लेखकाकडून) जर्नलची फी? गरीब देशांना माफी देणारे बरेच प्रकाशक रिसर्चफॉरलाइफ या उपक्रमाची देशांची यादी बघतात, त्यात भारत नाही. सूट हवी तर सबमिशनच्या वेळीच मागावी लागते. लेख स्वीकारल्यावर सहसा ऐकत नाहीत.

थाटीपूर-सांख्यिकी:
मग एक पायरी तरी वरची ठेवा, दोन नकोत. स्कोप जुळणारी तीन जर्नलं काढा आणि त्या तिघांत आकडा बघा, त्यापलीकडे मी मागे येणार नाही. फक्त तिन्ही आकडे एकाच वर्षाचे आणि एकाच विषय-वर्गातले हवेत. सिमॅगो या क्रमवारीच्या बिल्ल्यावर जर्नलचा सगळ्यात चांगला चतुर्थक (क्यू1 वरचा पाव भाग, क्यू4 खालचा) छापलेला असतो. नर्सिंगमध्ये क्यू2 असलेलं जर्नल सार्वजनिक आरोग्यात क्यू3 निघू शकतं.

कंपूकर:
तिघांत बघायला माझी ना नाही. तीनशेत बघू नका, एवढंच म्हणत होतो.