झेरॉक्स काढता काढता सातबारा कळला
'बँकेतली इंटर्नशिप म्हणजे दोन महिने नुसत्या झेरॉक्स' हे मला अर्धंच पटतं. मी मे-जूनमध्ये ग्रामीण शाखेत होतो, ऐन खरीप पीककर्जाच्या धांदलीत. झेरॉक्स काढल्याच, पण सातबारा आणि आठ-अ या जमिनीच्या उताऱ्यांच्या! त्या चाळताना कळलं, वडील जाऊन वर्षं झाली तरी वारसनोंद झालेली नसते, आणि मुलाचं कर्ज तिथेच अडतं. कॉलेजात क्रेडिट अप्रेझल (कर्ज द्यायचं की नाही याची तपासणी) शिकलो, 'फेरफार', म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद, हा शब्द मात्र तिथे कधी कानावर पडला नाही. वर्षाला २० रुपयांच्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, आजारपणाने गेल्यास काही नाही, हे एका मावशींना समजावायला मला तीन खेपा लागल्या. निवड हातात असेल तर गावातलीच शाखा मागा.