शब्दचर्चा : 'ओप्पा'ला मराठीत दादा म्हणावं का?

रात्रीची जेवणं आटोपली की मी आणि आई कोरियन मालिका लावून बसतो. खाली पळणारी इंग्रजी वाक्यं आईला तेवढ्या वेगाने वाचता येत नाहीत, म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगत जाते. 'रिप्लाय १९८८' बघताना माझी गाडी अडली ती एका साध्या शब्दावर. सोलच्या सांगमुनदोंग भागातली गल्ली, तिथली पाच घरं. त्यातली सनयंग ही दोन मुलांची विधवा आई, आणि शेजारी राहणारा मूसंग हा विधुर. दोघं मूळचे एकाच गावचे, म्हणून ती त्याला 'ओप्पा' म्हणते. मी सवयीने 'दादा' म्हणून मोकळी झाले. पुढे त्या दोघांचं जुळतंय असं दिसायला लागलं तेव्हा आईचा मटार सोलणारा हात थांबला. "अगं, आत्ताच तर दादा म्हणत होती ना त्याला?"

आईचं काहीच चुकलं नव्हतं, माझा शब्द चुकला होता. म्हणून हा धागा.

ओप्पा म्हणजे बाईने तिच्याहून वयाने मोठ्या पुरुषाला मारायची हाक. तो सख्खा भाऊ असेल, मामेभाऊ असेल, कॉलेजात दोन वर्षं पुढे असलेला मुलगा असेल, प्रियकर असेल, नवराही असेल. हाक मारणारा पुरुष असेल तर शब्दच बदलतो, तो 'ह्यंग' म्हणतो. मोठ्या बहिणीचंही तसंच : मुलगी 'ऑन्नी' म्हणते, मुलगा 'नुना'. म्हणजे या चारही शब्दांत बोलणाऱ्याचं लिंग आणि समोरच्याचं मोठेपण एवढंच पक्कं असतं. नातं रक्ताचं की मनाचं, ते शब्द सांगत नाही. ते प्रसंगावरून आणि आवाजावरून कळतं. आमच्या मराठीत दादा-ताई म्हणायला मुलगा-मुलगी असा भेद नाही, पण शब्द तोंडातून गेला की मागोमाग राखी आणि भाऊबीज येतेच. एखाद्या मुलीने मुलाला ठरवून 'दादा' म्हणणं हा तर नकार द्यायचा सभ्य मार्ग आहे.

(इथे कुणी म्हणेल की महाराष्ट्रात कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न रूढ आहे, आणि तिथे नवरा हा आधी आतेभाऊच असतो. बरोबर आहे. पण तिथे 'भाऊ' हा नात्याच्या नावातला शब्द आहे, प्रेमाची हाक नाही.)

कोरियात मात्र मामेबहिणीशी लग्न ही कल्पनाच चालत नाही. तिथल्या नागरी कायद्याने आठ 'चोन'पर्यंतच्या रक्ताच्या नात्यात लग्नाला मनाई आहे. हा चोन शब्द मला फार आवडतो. नातं किती जवळचं ते मोजायचं हे माप. आईबाप आणि मूल यांच्यात एक चोन, भावंडांत दोन, काका किंवा मामा तीन, चुलत-मामे भावंडं चार. म्हणून काकाला म्हणतात 'सामचोन', म्हणजे शब्दशः तीन चोन, आणि चुलत भावंड ते 'साचोन', चार चोन. आणि नवरा-बायको? 'मुचोन'. शून्य. मधे मोजायला अंतरच नाही. यावर आई बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "खरंय, पण भांडण झालं की तेच दोघं सगळ्यात लांब."

याच मालिकेतली दुसरी जोडी बोरा आणि सनवू. ती त्याच्या मैत्रिणीची थोरली बहीण, त्यामुळे तो तिला नुना म्हणतो, आणि तरी तिच्यावर जीव टाकतो. इथे 'ताई' म्हटलं तर सगळंच नासतं. पण खरी मेख पुढे आहे. दोघांचं आडनाव संग, आणि नुसतं आडनावच नाही, 'बोनग्वान'ही एकच. बोनग्वान म्हणजे घराण्याचं मूळ ठिकाण. किम, ली, पार्क ही आडनावं लाखोंची असतात, म्हणून 'कुठले किम' हे या मूळ गावावरून ओळखायचं. आडनाव एक आणि मूळ गावही एक असेल तर ते 'तोंगसंग-तोंगबोन', आणि अशांचं लग्न कायद्याने बंद होतं, मग नातं वीस पिढ्या मागे का असेना. घरचे विरोध करतात तो याच कारणाने. इंग्रजी ओळीत याचं 'एकच आडनाव' एवढंच होतं आणि आडनाव सारखं असण्यात एवढं काय, असं वाटत राहतं. मी आईला एक शब्द सांगितला, सगोत्र, आणि पुढे एक अक्षर समजवावं लागलं नाही. गोत्र ऋषीवरून आणि बोनग्वान गावावरून, हा फरक आहे, पण घरातला धसका अगदी तोच. आपल्याकडे सगोत्र विवाहाची आडकाठी कायद्याने काढली १९४६ साली. कोरियात १९७८, १९८८ आणि १९९६ अशी एकेका वर्षाची सवलत दिली गेली, त्या वर्षात अशा जोडप्यांनी लग्न नोंदवून घ्यायचं. मग १९९७ साली तिथल्या घटना न्यायालयाने ही बंदी घटनेशी विसंगत ठरवली, आणि कायद्याच्या पुस्तकातून ती गेली २००५ साली. मालिकेतलं लग्न ही बंदी असतानाच्या काळातलं आहे हे लक्षात ठेवून तो भाग पुन्हा बघा, आयांच्या चेहऱ्यावरची काळजी वेगळी दिसते.

नुनाबद्दल आणखी एक. २०१८ च्या एका गाजलेल्या मालिकेचं कोरियन नाव आहे 'छान जेवू घालणारी सुंदर नुना'. इंग्रजीत तिचं नाव पावसावरून ठेवलं. नुना गेली, जेवणही गेलं. सगळी गोष्टच मुळात या शब्दाची आहे : तो तिच्या जिवलग मैत्रिणीचा धाकटा भाऊ, लहानपणापासून तिला नुना म्हणणारा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने २०२१ मध्ये कोरियनमधून आलेले सव्वीस शब्द एका दमात घेतले, त्यात ओप्पा आणि नुना दोन्ही आहेत. तर मराठीनेही हे शब्द जसेच्या तसे घ्यावेत, असं माझं मत झालं आहे.

पण सगळेच शब्द तसे ठेवायची गरज नाही, कारण काही ठिकाणी मराठीकडे इंग्रजीपेक्षा कितीतरी नेमका शब्द तयार आहे. 'योबो' घ्या. इंग्रजीत ते 'डार्लिंग' होतं आणि साठीच्या आजोबांच्या तोंडी ते ऐकून अंगावर काटा येतो. योबोचं मूळ 'इकडे बघा' असं सांगतात. म्हणजे आमचं 'अहो' किंवा 'अहो, ऐकलंत का'! फरक इतकाच की योबो नवराही म्हणतो आणि बायकोही, अहो मात्र एकाच बाजूने जातं. सनवूच्या आईला गल्लीतल्या बायका 'सनवू ओम्मा' म्हणतात, ते तर आपल्या चाळीतलं 'बंड्याची आई' आहे, त्याला भाषांतर म्हणायचीही गरज नाही.

तसंच 'माल नोता'. शब्दशः बोलणं खाली ठेवणं. नवी ओळख झालेले दोघं मधेच थांबून रीतसर विचारतात, आता बोलणं खाली ठेवूया का? इंग्रजीत काहीतरी 'मोकळेपणाने बोलू' असं येतं. मराठीत सरळ म्हणावं : अरे-तुरे करूया का? प्रेमकथेत पहिला हात धरण्याइतका हा क्षण मोठा असतो.

सासरच्या शब्दांवर मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. नवऱ्याच्या अविवाहित धाकट्या भावाला सून म्हणते 'दोर्योन्निम', धाकट्या नणंदेला 'आगाश्शी'. हे दोन्ही शब्द पूर्वी वाड्यातले नोकर मालकाच्या मुलांना वापरत : धाकले मालक, ताईसाहेब. उलट बायकोच्या धाकट्या भावंडांना नवरा 'चोनाम' नि 'चोजे' म्हणतो, त्यांना आदराचं 'निम' नाही. सासर 'शिदेक' होतं, यातला 'देक' आदराने घर म्हणायचा शब्द. बायकोचं माहेर नुसतं 'चोगा'. आईकडच्या आजीच्या शब्दाला 'वे' लागतं, म्हणजे बाहेरची. आजोळ हा शब्द ज्या भाषेत आहे तिला हे ऐकून वाईट वाटतं. कोरियात बायकांनी यावर आवाज उठवला आणि तिथल्या राष्ट्रीय भाषा संस्थेने २०२० मध्ये पुस्तिका काढून सुचवलं की धाकट्या दिराला, नणंदेला नावाने हाक मारली तरी चालेल, दोन्हीकडच्या आज्यांत शब्दाने भेद करू नये. आमच्या आईने लग्नानंतर आपल्याहून आठ वर्षांनी लहान असलेल्या नणंदेला 'वन्सं' म्हटलं, आणि 'अहो वन्सं' म्हणून तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला. तिला आगाश्शी समजवायला मला वन्सं हा एकच शब्द पुरला. दीर म्हणजे भावोजी, तेही बसतं. कुणी 'दाजी' सुचवेल, पण दाजी बहिणीचा नवरा, तो इथे चालणार नाही.

आता खरी अडचण. धाकट्या दिराचं लग्न झालं की त्याचं दोर्योन्निमपण संपतं आणि वहिनी त्याला 'सोबांगनिम' म्हणायला लागते. हाच शब्द जुन्या काळच्या मालिकांत बायको नवऱ्याला म्हणते, तिथे मी 'स्वारी' किंवा 'इकडून' वापरून वेळ भागवते. पण दिराला आणि नवऱ्याला एकच हाक, हे मराठीत कसं आणायचं? तुमच्या घरात, गावात, कोकणात, विदर्भात, गोव्यात, लग्न झालेल्या धाकट्या दिराला वेगळी हाक होती का? असेल तर कोण कुणाला म्हणायचं, तेवढंही लिहा.