टॅटू आहे म्हणून ऑनसेन रद्द करू नका

जपानमध्ये टॅटू असेल तर ऑनसेनचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवरच्या स्नानगृहांचा, नादच सोडा असं सांगतात, ते बऱ्याच ठिकाणी खरंय पण सगळीकडे नाही. किनोसाकी या ऑनसेनच्या गावाला जा. क्योतोहून ट्रेनने साधारण अडीच तास, गावात ७ सार्वजनिक स्नानगृहं आहेत आणि तिथे टॅटू चालतो, माझ्या नवऱ्याच्या दंडावर भलामोठा गणपती आहे, कोणी ढुंकूनही बघितलं नाही. ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी हॉटेलात, उतरलात की या सातही ठिकाणांचा पास मिळतो, मग युकाता (हलका सुती किमोनो) घालायचा, लाकडी गेता पायात अडकवायच्या आणि खटखट करत कालव्याच्या काठाने एकातून दुसऱ्यात. फक्त युकाताची डावी बाजू वर घ्या, उलटं मृतदेहाला नेसवतात, आमच्या रिसेप्शनवरच्या आजींनी मला भर लॉबीत नीट करून दिला! ऱ्योकानच्या स्वतःच्या बाथचे नियम मात्र वेगळे असू शकतात, ते बुकिंग करतानाच विचारा.

आणि शाकाहारी असाल तर तेही तेव्हाच सांगून ठेवा, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्ये पण माशाचा दाशी, म्हणजे मासे उकळून काढलेलं पाणी, असतो, आणि हिवाळ्यात तर तिकडे जेवण म्हणजे खेकडाच खेकडा.