शब्दचर्चा : शंका, संशय, अविश्वास (आणि ‘डोळस श्रद्धा’)

जालनेकर : चर्चमधल्या शास्त्रपाठासाठी चार आठवड्यांची टिपणं तयार होतायत. विषय : विश्वास आहे, पण प्रश्न पडतात, तेव्हा काय करायचं. मथळा ‘डोळस श्रद्धा’ असा सुचलाय. आत शंका, संशय, अविश्वास हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने आलेत. चालतील का?

बोरूबहाद्दर : नका चालवू. शंका विचारता येते, फिटते; शंकासमाधान होतं. संशय आजच्या बोलीत माणसाच्या दानतीवर घेतात, ‘संशयित’ म्हटलं की पोलीस ठाणंच आठवतं. न्यायदर्शनाच्या, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या, सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) संशय तिसरा, विचाराची सुरुवातच तिथून. पण ती छटा बोलण्यातून गेली. गीतेतलं ‘संशयात्मा विनश्यति’ (संशयी माणूस नाश पावतो) तेवढं लोकांच्या डोक्यात राहिलं. अविश्वास म्हणजे सरळ नकार.

पाठभेद : सरळ नकार? मग बायबलातलं मार्क ९:२४ कसं लावणार? आजारी मुलाचा बाप एका दमात म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ दोन्ही एकाच माणसात.

शिवाय नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये शब्द वेगवेगळे आहेत. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालताना बुडू लागतो तिथे (मत्तय १४:३१) ‘दिस्ताझो’, म्हणजे मन दोन्हीकडे होणं. नव्या करारात हे क्रियापद दोनदाच येतं. दुसरी जागा मत्तय २८:१७, डोंगरावर येशूला नमन होतं त्याच वाक्यात. याकोब १:६ मध्ये ‘दियाक्रिनो’, तिथे स्वतःशीच वाद घालत हेलकावणं. थोमाच्या प्रसंगात (योहान २०) या दोन्हींपैकी एकही नाही, तिथे ‘अपिस्तोस’ आहे, म्हणजे विश्वास न ठेवणारा. येशू पुन्हा उठला हे ऐकून शिष्य थोमा हेलकावत नाही, तो अट घालतो : व्रण दाखवा. तेव्हा टिपणात ‘संशयी थोमा’ लिहिलंत तर पेत्राचं दुखणं थोमाच्या माथी माराल.

क्रियापदवाला : नामांवर एवढं कशाला भांडायचं? मराठीत खरा फरक क्रियापदात आहे. विश्वास *बसतो* आणि विश्वास *ठेवतो*. बसणं आपल्या हातात नसतं. पुरावा पटला की बसतो. ठेवणं हा निर्णय. धर्मसुधारणेच्या परंपरेत विश्वासाचे तीन भाग सांगतात : माहिती, मान्यता, भरवसा. पहिल्या दोन्हींनी विश्वास बसेल, तिसऱ्यासाठी ठेवावाच लागतो. योहानाच्या शुभवर्तमानात ‘विश्वास’ हे नाम एकदाही नाही, सगळीकडे क्रियापदच आहे. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

शंकेचंही तसंच. शंका *येते*, आणि माणूस शंका *काढत बसतो*. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या (१९९२) २०८८व्या परिच्छेदात हाच भेद आहे : आपोआप येणारी शंका निराळी, जाणूनबुजून धरलेली निराळी. टिपणात ‘शंका येणं हे पाप नाही’ असं लिहा. ‘संशय पाप नाही’ लिहाल तर कुणीतरी याकोब १:६ उघडून उभा राहील, आणि त्याचं चुकणार नाही.

बोरूबहाद्दर : हे मान्य. आता मथळा. ‘डोळस श्रद्धा’ हा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चर्चेतला शब्द. इथे तो पायात येतो. पौल म्हणतो आपण विश्वासाने चालतो, दिसतं त्यावर नाही (२ करिंथ ५:७). इब्री ११:१ मध्ये ‘न दिसणाऱ्या गोष्टी’. थोमाला ऐकवलेलं शेवटचं वाक्यही न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल. पहिल्याच तासाला कुणी विचारेल, डोळस की न पाहता?

जालनेकर : मग ‘सकारण विश्वास’? १ पेत्र ३:१५ मध्ये आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहेच.

पाठभेद : चालेल. तिथला ‘अपोलोगिया’ कोर्टातल्या जबाबाचाही शब्द आहे. मात्र त्याच वाक्यात सौम्यतेची अट आहे. ती गाळून फक्त युक्तिवाद शिकवला की पोरं भांडखोर होतात.

परळीकर : आपल्याकडे ‘शक आला’, ‘भरोसा हाय’ सर्रास चालतं. पाठ घेताना तेच वापरा, लेकरांना लवकर कळतं. आणि ‘इमान’ सोडू नका. उर्दूत ते श्रद्धा, मराठीत निष्ठा. नव्या करारात विश्वासासाठी येणाऱ्या ग्रीक ‘पिस्तिस’ शब्दात दोन्ही आहेत. गलती ५:२२ ला तोच शब्द मराठीत ‘विश्वासूपणा’ होतो.

जालनेकर : चौथ्या पाठाला यहूदाच्या पत्रातलं २२वं वचन घेऊ का? संशयात असलेल्यांवर दया करा.

पाठभेद : घ्या, पण सगळा पाठ त्यावर उभा करू नका. २२-२३ला हस्तलिखितांत पाठभेद आहेत, आणि क्रियापद याकोबाचंच (‘दियाक्रिनो’), त्यामुळे काहीजण ‘वाद घालणारे’ असंही लावतात. मुख्य उतारा मार्क ९ ठेवा, यहूदा जोडीला.