बोटीवर खोका हवा, की खिशातल्या फोनलाच सॅटेलाइट पकडू दे?

आडबंदर (धागा सुरू करणारा):
परवा दुसऱ्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं की आता साध्या मोबाईलवरनं थेट सॅटेलाइटला मेसेज जाणार, मग सरकार मच्छीमार बोटींवर ते ट्रान्सपॉन्डरचे (म्हणजे सॅटेलाइटवरनं निरोप आणि बोटीची जागा पाठवणाऱ्या यंत्राचे) खोके कशाला बसवतंय, पैसे पाण्यात. मला हे अजिबात पटलेलं नाही, तिथे भांडून झालं, आता इथे भांडू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. किनाऱ्यापासून दहा-बारा मैल आत गेलं की मोबाईल मेला. वायरलेस असतो पण तोही काही अंतरापर्यंतच. २०१७ च्या ओखी वादळात नेमकं हेच नडलं. केरळ-तामिळनाडूच्या बोटी आठ-आठ दहा-दहा दिवसांचा बर्फ भरून खोल समुद्रात गेलेल्या, इशारा निघाला तेव्हा त्या कुणाच्याच रेंजमध्ये नव्हत्या. कितीतरी माणसं गेली. वाचलेल्या बोटींपैकी बऱ्याच भरकटत आमच्या देवगडला लागल्या. मी तेव्हा देवगडातच होतो. जेटीजवळच्या चहाच्या टपरीवर एकच एक्स्टेन्शन बोर्ड, त्याला आठ-दहा फोन लटकलेले, आणि जो फोन चालू होईल त्यावर जुने मेसेज टणाटण पडायचे. एका पोराने मला स्क्रीन दाखवली, मल्याळममध्ये होतं, मला ओ की ठो कळेना, त्याने हाताने गोल गोल करून दाखवलं, वादळ. इशाराच होता तो. दोन-तीन दिवस उशिरा, टपरीवर.

त्यानंतर २०१९ ला जेमिनी आलं, म्हणजे आपल्याच गगनच्या (विमानांना वाट दाखवायला केलेली व्यवस्था) सॅटेलाइटवरनं इशारा आणि मासळी कुठे मिळेल ती माहिती खाली येते, बोटीवरचं यंत्र ती ब्लूटूथने फोनला देतं. पण एकतर्फी. ऐकायचं, बोलायचं नाही. त्याच्या उलट इस्रोचं डॅट, म्हणजे संकटात हाक मारायचं यंत्र, २०१० पासून आहे, त्याच्यावर आग लागली, बोट बुडतेय असं बटण दाबायचं, सिग्नल वर जाणार आणि तिथून कोस्ट गार्डला. तेही एकतर्फीच. बटण दाबणाऱ्याला कळायचंच नाही की पोचलं की नाही. जानेवारी २०२४ ला नवीन डॅट काढलं त्यात पहिल्यांदा उलट पोच यायला लागली, तुमचा निरोप मिळाला म्हणून. माझ्या लेखी या सगळ्यातला खरा शोध तो आहे, ती पोच. आणि आता जे खोके लागतायत त्याच्यात दोन्हीकडून मेसेज. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरला उद्घाटन झालं, एक लाख बोटी, साधारण ३६० कोटी. भागा, बोटीमागे ३६ हजार. एका जाळ्याला याच्यापेक्षा जास्त जातात.

ढ_इंजिनियर:
मालक, भावना पोचल्या, पण तुम्ही पेजरची बाजू घेताय. आयफोन १४ वर २०२२ च्या नोव्हेंबरपासून अमेरिकेत सॅटेलाइटने एसओएस जातोय. ब्लूवॉकर-३ नावाचा सॅटेलाइट त्याच वर्षी वर गेला, ६४ चौरस मीटरचा अँटेना म्हणजे आपला टू बीएचके उलगडून ठेवलाय असं समजा, आणि २०२३ ला त्याच्यावरनं टेक्सासातून जपानला साध्या फोनवर बोलले लोक, फोनला काहीही जोडलेलं नव्हतं. त्याच कंपनीचा पुढचा, त्याहून दांडगा सॅटेलाइट डिसेंबर २०२५ मध्ये आपल्याच इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटने नेला. म्हणजे जगाला फोन-टू-सॅटेलाइट आपण नेऊन देणार आणि आपल्या खलाश्याच्या हातात खोका? पाच वर्षांनी हे खोके भंगारात जाणार, लिहून ठेवा.

अँटेनावाला:
ढ, नाव सार्थ केलंस (हलके घे). गणित बघ. ते ब्लूवॉकर वगैरे फिरतात पाचशे-साडेपाचशे किलोमीटरवर. आपले गगनचे, जीसॅट (इस्रोचे दळणवळणाचे सॅटेलाइट), ते ३६ हजार किलोमीटरवर, एकाच जागी दिसतात. अंतर ६५ पट, म्हणजे सिग्नल चार हजार पटीहून जास्त मरतुकडा, कारण तो अंतराच्या वर्गाने पडतो. फोनची ताकद किती, पाव वॅट पण नाही. ३६ हजारावरनं तो ऐकायचा म्हणजे जत्रेत मुंगीचं शिंकणं ऐकण्यासारखं. म्हणून एकतर वर मोठा कान लावा नाहीतर खाली मोठं तोंड. जीसॅट-६ ला सहा मीटरचा अँटेना त्यासाठीच, छत्रीसारखा मिटून नेला आणि वर गेल्यावर उघडला, २०१५ साली. त्याचा भाऊ जीसॅट-६ए २०१८ ला गेला आणि दोन-तीन दिवसांत संपर्कच तुटला, असो. तर खालचं मोठं तोंड म्हणजे हा खोका.

आणि खालून जाणारे सॅटेलाइट एका जागी थांबत नाहीत, सेकंदाला साडेसात किलोमीटर पळतात, पाच-दहा मिनिटांत डोक्यावरनं गेला, की पुढचा लागतो. समुद्र झाकायला असे डझनावारी लागतात, इरिडियम या सॅटेलाइट फोनवाल्या कंपनीला ६६ लागले आणि ती १९९९ ला दिवाळखोरीत गेली.

ढ_इंजिनियर:
१९९९ चं उदाहरण आज देऊ नका. तेव्हा रॉकेट एकदा वापरून फेकायचे. आणि मी कधी म्हटलं ३६ हजारावरच्याला फोन लावा, मी खालच्यांबद्दलच बोलतोय.

अँटेनावाला:
हो पण ते आज डहाणूसमोर चालू नाहीत ना, खोका चालू आहे.

कायद्याचं_बोला:
एक गोष्ट कुणी बोलतच नाहीये. आपल्याकडे परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ ला गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईला ट्रेकिंगचं सॅटेलाइट यंत्र सापडलं म्हणून धरलं, ती आपली डोंगरात हरवू नये म्हणून घेऊन फिरत होती. उगाच नाही हा नियम. २६/११ वाले कुबेर ही मच्छीमार बोटच पळवून आले होते आणि त्यांच्याकडे सॅटेलाइट फोन होता. त्यामुळे कोण कुठल्या बोटीवर आहे हे सरकारला दिसलंच पाहिजे, खोका त्यासाठी पण आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सातपाटीची_सून:
तुमचं सगळ्यांचं वाचलं, आता जिच्या घरी खोका आहे तिचं ऐका. आमच्याकडे बसवून गेले, दहा मिनिटं काहीतरी सांगितलं, हे तेव्हा बर्फाच्या हिशोबात होते. दोन महिन्यांत वायरच्या टोकाला हिरवं चढलं, खाऱ्या हवेत तांब्याचं काय होतं ते बसवणाऱ्याला माहीत नसेल तर कमाल आहे. सासऱ्यांनी ग्रीस लावून सायकलची ट्यूब गुंडाळली तेव्हा चालू झालं. आणि चालू झाल्यावर ह्यांनी बंद केलं!! का, तर आपण कुठे जाळं टाकतो ते सगळ्यांना कळेल. बाबा हो, पापलेटची जागा म्हणजे आमच्याकडे बायकोला पण सांगत नाहीत. त्यामुळे कायद्याचं बोलणाऱ्या दादांनी जे अभिमानाने लिहिलंय ना, सरकारला दिसलंच पाहिजे, त्याच वाक्याने खोका बंद होतो.

पण दुसरी बाजू पण सांगते. आमच्या भागातली कितीतरी पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात, आणि हद्द कुठे संपते ते पाण्यावर लिहिलेलं नसतं, पाकिस्तानवाले धरून कराचीला नेतात, वर्षानुवर्षं सुटत नाहीत. ह्या खोक्यात हद्द जवळ आली की अलार्म वाजतो म्हणतात. एवढ्या एका गोष्टीसाठी मी तो चालू ठेवायला लावीन.

हर्णैकर:
वहिनी बरोबर. आणि माझा तिसराच मुद्दा, निरोप पोचला म्हणजे काम झालं हेच मुळात चूक आहे. तौक्ते आठवा, मे २०२१. हवामान खात्याचे इशारे आधीच आले होते, कुठे रेंज गेली आणि कुणाला कळलंच नाही असला प्रकार नव्हता. तरी पी-३०५ बार्ज (तेलविहिरींच्या कामावरच्या माणसांना राहायची सपाट बोट) मुंबईसमोर समुद्रातच राहिला, २६१ माणसं होती त्याच्यावर, सत्तरच्या वर गेली. तिथे कुठला अँटेना कमी पडला? परत फिरायचं कुणी ठरवायचं आणि परत फिरल्यावर डिझेलचे पैसे कुणी द्यायचे, हा प्रश्न सॅटेलाइट सोडवत नाही. आमच्या हर्णैला तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, इशारा बघतो आणि म्हणतो अजून एक ओढ घेऊ. अर्धं जाळं पाण्यात असताना तुम्ही काय करणार होतात?

आडबंदर:
हर्णैकर, तौक्तेचं मान्य, पण ओखीत तांडेलाला ठरवायची संधीच मिळाली नाही, दोन्ही एका तागडीत नका घालू. ढ भाऊ, तुमचे फोनवाले सॅटेलाइट आपल्याकडे चालू झाले की मी स्वतः पेढे वाटीन, पण तोवर चार पावसाळे जातील त्याचं काय? ते येतायत म्हणून आज काहीच बसवू नका, हे मला झेपत नाही. आणि ती पाळतीची गोष्ट मी खरंच धरली नव्हती. जागा फक्त बटण दाबल्यावर किंवा हद्दीजवळ गेल्यावरच कळेल असं करता येणार नाही का, अँटेनावाला?

अँटेनावाला:
तांत्रिकदृष्ट्या काहीच अवघड नाही. जागा खोक्यातच कळते, ती वर पाठवायची की नाही हे सॉफ्टवेअरमध्ये ठरतं. अवघड आहे ते कायद्याचं_बोला यांना पटवणं.

कायद्याचं_बोला:
नाही पटणार. कुबेर बटण दाबून आली नव्हती.

ढ_इंजिनियर:
@सातपाटीची_सून ताई, एक विचारतो, वाद नाही. घरून बोटीला मेसेज जातो का, आणि किती वेळात पोच येते?

सातपाटीची_सून:
तुमच्यामुळे काल भांडून चालू करायला लावला. जाताना म्हणाले, खोल गेलो की मेसेज टाकतो, वेळ बघून ठेव. दुपारी दोनला आला, फक्त "जेवलो" एवढंच. मी उलट काय पाठवू हा विचार करत बसले आणि वेळ बघायची राहिलीच.